चाळीस पावलं

देवगड तालुक्यातल्या एका शाळेत मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं. उत्क्रांतीचा धडा आला की माझं एक वाक्य ठरलेलं असे: ‘उत्क्रांती होताना दिसत नाही, तिला लाखो वर्षं लागतात आणि आपल्या हाती असतात फार तर ऐंशी.’ मुलं ते वहीत उतरवून घेत. इंग्लंडमधल्या धुराने काळवंडलेल्या झाडांवरचे काळे पतंग, डीडीटीला न जुमानणारे डास, ही उदाहरणंही मीच देत असे. तरी ते वाक्य काही मी फळ्यावरून पुसलं नाही.

२०२४ च्या दिवाळीत माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा स्वीडनमधून फोन आला. ती गेली नऊ वर्षं गोथेनबर्गला असते. फराळ, तब्येत, पाऊस सगळं बोलून झाल्यावर म्हणाली, “बाईनू, तुमचा ता वाक्य आता बदलूक व्हया.” आणि तिने मला एका शोधनिबंधाबद्दल सांगितलं. स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर एका ओसाड खडकावर १९९२ साली शास्त्रज्ञांनी गोगलगायी नेऊन सोडल्या होत्या. बोटाच्या पेराहूनही लहान, समुद्रकाठच्या. तीस वर्षांत त्या बदलल्या होत्या. अंगाने, कवचाने, जनुकांनी. आणि त्या बदलतील कशा, हे शास्त्रज्ञांना बऱ्याच अंशी आधीच वर्तवता आलं होतं.

१९९२ म्हणजे माझी नोकरी नुकतीच लागली होती. मी फळ्यावर ते वाक्य लिहीत होते त्याच सगळ्या वर्षांत तिकडे ते खोटं ठरत होतं. मला तो किनारा बघायचा होता. गेल्या जूनमध्ये गेले.

गोथेनबर्गहून स्ट्रॉमस्टाडला जाणारी गाडी उत्तरेकडे तीनेक तास धावते. खिडकीतून गव्हाची शेतं, मधेच लालसर ग्रॅनाइटची उघडी टेकाडं, पुन्हा शेतं. हा बोहुसलेन प्रांत. वाटेत तानुम लागतं. तिथल्या कातळांवर कांस्ययुगातल्या माणसांनी नावा, माणसं, गुरं कोरून ठेवली आहेत. आमच्या बारसूच्या सड्यावरची कातळशिल्पं मी पाहिलेली, त्यामुळे उतरायचा मोह झाला, पण वेळ नव्हता. विद्यार्थिनीने मात्र एक गोष्ट सांगितली ती मनात राहिली. ती चित्रं कोरली तेव्हा समुद्र पार तिथवर होता, आज तो कितीतरी लांब गेला आहे. पाणी आटलं म्हणून नाही. हिमयुगात या जमिनीवर बर्फाचा प्रचंड थर होता, त्या ओझ्याखाली जमीन दबली. बर्फ वितळलं, ओझं उतरलं, आणि तेव्हापासून जमीन हळूहळू वर उचलली जाते आहे. अजूनही.

स्ट्रॉमस्टाडहून लाँच सुटते ती कोस्टर बेटांना जाते. दक्षिण कोस्टर आणि उत्तर कोस्टर, दोन बेटं. भोवतीचा समुद्र २००९ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, स्वीडनमधलं समुद्रातलं पहिलं. बेटं आणि मुख्य किनारा यांच्यामध्ये दोनशे मीटरहून खोल दरी पाण्याखाली आहे, तिच्यात थंड पाण्यातली प्रवाळंसुद्धा आहेत. वर बघणाऱ्याला त्यातलं काहीच दिसत नाही. दिसतात फक्त गुळगुळीत पाठीचे खडक आणि कुरव पक्षी, आणि लागतो स्वच्छ, गार वारा. एकेनेसच्या धक्क्यावर आम्ही उतरलो. मी, ती आणि तिचा सात वर्षांचा मुलगा, जो मला पहिल्या दिवसापासून आजी म्हणत होता. बेटावर पाहुण्यांच्या मोटारींना मज्जाव. गावातले लोक पुढे हौदा लावलेल्या तीनचाकी मोपेडवरून सामान नेतात, बाकी सगळे सायकलवर. आम्हीही सायकली भाड्याने घेतल्या.

किनाऱ्यावर पोचल्यावर मी आधी पाण्याकडे पाहिलं आणि सवयीने विचारलं, “सुकती किती वाजता?” ती हसली. “बाईनू, हयसर सुकती-भरती नायच म्हटल्यासारखी.” खरंच, या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतला फरक जेमतेम फूटभर. वारा कुठून वाहतो, हवेचा दाब किती, यावरच पाणी जास्त वर-खाली होतं. कालवं काढायला आजीबरोबर कोयती घेऊन जायचं ते सुकतीचा हिशेब धरून, अशा गावात मी वाढले. अमावास्या-पुनवेचं उधाण आलं की घरातली बाई वेळ सांगू शकते. इथे खडकाच्या पोटावर काळा पट्टा दिसतो, एका जातीच्या दगडफुलाचा, तो वीतभर-हातभर रुंद. लाटांचे तुषार जिथवर पोचतात तिथवर. समुद्र आणि जमीन यांच्यामधला सगळा संसार त्या पट्ट्याच्या आसपास दाटीवाटीने मांडलेला. आणि माझ्या गोगलगायी त्याच पट्ट्यात.

त्यांच्या कुळाचं शास्त्रीय नाव लिटोरिनिडी. लॅटिनमध्ये किनाऱ्याला जो शब्द आहे, त्यावरून आलेलं. जगभरात सुमारे २०० जाती, आणि बहुतेक सगळ्या समुद्र व जमीन यांच्या शिवेवर राहणाऱ्या. ना पुरत्या पाण्यातल्या, ना पुरत्या कोरड्यातल्या. स्वीडिश लोक त्यांना नुसतं ‘स्ट्रांडस्नेक्का’ म्हणतात, किनाऱ्यावरची गोगलगाय. आपल्याकडेही हे कुळ आहे. खाडीत खारफुटीच्या खोडावर, कधी पानाच्या मागे, भरतीचं पाणी चढू लागलं की त्याच्या पुढे वर वर सरकणारी ती पिवळट-तपकिरी गोगलगाय याच घरची. लहानपणी मला वाटायचं, ही समुद्रातली असून पाण्याला घाबरते कशी? ती घाबरत नाही. पाण्याबरोबर जे भुकेले जीव येतात त्यांच्यापासून ती जरा लांब राहते. या कुळातल्या उष्ण प्रदेशातल्या काही जाती तर तापलेल्या कातळावर अंग आत घेतात, दार लावतात आणि कवचाच्या ओठाशी चिकाच्या एका सुकलेल्या धाग्यावर लटकून राहतात. कातळाला पाय टेकला की भाजणार, म्हणून पायच उचलून घ्यायचा. वैशाखातल्या दुपारी सड्यावर अनवाणी चाललेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको.

एकेनेसला राष्ट्रीय उद्यानाचं माहितीकेंद्र आहे. तिथल्या मार्गदर्शक मुलीने, आम्ही कशासाठी आलो हे ऐकल्यावर, हातातलं काम बाजूला ठेवलं. समोरच्या किनाऱ्यावर शेर्नो नावाच्या ठिकाणी १९६३ पासून सागरी प्रयोगशाळा आहे, आता गोथेनबर्ग विद्यापीठाची. तिथल्या केर्स्टिन योहानेसन यांनी या गोगलगायींवर अवघी कारकीर्द घातली आहे.

गोष्ट अशी. या खडकांवर ‘लिटोरिना सॅक्साटिलिस’ नावाची एकच जात, पण दोन रूपांत. जिथे गोट्यांचा, मोठाल्या धोंड्यांचा निवांत किनारा आहे तिथे खेकडे फार. तिथली गोगलगाय मोठी, जाड कवचाची, तोंड लहान, स्वभावाने भित्री. जिथे उघडा कडा आहे आणि लाटा थेट आदळतात तिथे खेकडा टिकत नाही, पण लाट गोगलगायीलाही सहज टिकू देत नाही. तिथली गोगलगाय चिमुकली, पातळ कवचाची. तिच्या कवचाचं तोंड मात्र रुंद, म्हणजे पाय मोठा, म्हणजे पकड घट्ट. शास्त्रज्ञ एकीला खेकड्याची आणि दुसरीला लाटेची म्हणतात. मीही तेच म्हणते.

१९८८ च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी या समुद्रात एका विषारी सूक्ष्म शेवाळाची अफाट वाढ झाली. नॉर्वेच्या बाजूला माशांची शेती मेली, इकडे खडकांवरच्या गोगलगायी मेल्या. पाणी निवळलं, इतर बरेच जीव परतले. याच कुळातली मोठी बहीण आपली अंडी पाण्यात सोडते, तिची पिल्लं प्रवाहाबरोबर कुठूनही कुठेही पोचतात. पण या जातीची मादी अंडी सोडत नाही. तिच्या पोटातल्या पिशवीत पिल्लं वाढतात, प्रत्येकाचं स्वतःचं कवच तयार होतं, आणि मगच ती बाहेर येतात, अर्ध्या मिलिमीटरची, आईसारखीच दिसणारी. आणि आईच्याच खडकावर सरपटू लागतात. पोहणं नाही, वाहून जाणं जवळजवळ नाही. म्हणून एखादा सुटा खडक रिकामा झाला की रिकामाच राहतो.

असाच एक रिकामा खडक योहानेसन यांनी निवडला. त्यावर पूर्वी लाटेच्या गोगलगायी होत्या. १९९२ साली त्यांनी तिथे सुमारे ७०० गोगलगायी नेल्या, आणि नेल्या त्या खेकड्याच्या. चुकीच्या घरात मुद्दाम. पुढे काय होतं ते बघायचं होतं.

मला या जागी थांबावंसं वाटतं. एक बाई एका खडकावर गोगलगायी ठेवते आणि मग वर्षानुवर्षं त्या खडकाकडे परत परत जाते. दोन-तीन वर्षांत निकाल द्यायचा, अनुदान संपायच्या आत निबंध लिहायचा, असा हा धंदा नव्हे. मार्गदर्शक मुलगी म्हणाली की तो खडक इतका लहान आहे की एक-दोन माणसांनीच उभं राहावं. तो नेमका कुठे, हे मी विचारलं नाही. माझ्यासारख्या हौशी माणसांनी जाऊन तिथे पाय द्यावा असं मला वाटलं नाही.

बदल पहिल्या दहा वर्षांतच दिसू लागला. वर्षाला एखाद-दुसरी पिढी. कवचं लहान होत गेली, पातळ होत गेली, तोंडं रुंदावली, रंग बदलले. तीस वर्षांनी त्या खडकावरची वस्ती जवळच्या लाटेच्या वस्तीसारखी दिसू लागली. योहानेसन आणि आन्या मारी वेस्ट्राम यांच्यासह स्वीडन, नॉर्वे, ऑस्ट्रिया, इंग्लंडमधल्या सहकाऱ्यांनी जनुकं वाचली, तेव्हा आतही तेच.

आता यात सगळ्यात महत्त्वाचं, आणि माझ्या फळ्यावरच्या वाक्याला खरा धक्का देणारं, ते असं की हे सगळं नव्याने घडलेलं नव्हतं. लाटेला उपयोगी पडणारे गुण त्या ७०० जणींत आधीपासून होते, थोड्यांत, विखुरलेले. खेकड्यांच्या किनाऱ्यावर त्यांचा उपयोग नव्हता म्हणून ते मागे पडलेले. शेजारच्या लाटेच्या वस्तीतूनही काही गोगलगायी कशाबशा येऊन मिसळल्या. नव्या खडकावर लाट निवड करू लागली आणि जे थोडं होतं ते पुष्कळ झालं. शिवाय गुणसूत्रांचे काही तुकडे या जातीत उलटे बसलेले आहेत. अशा तुकड्यातली जनुकं एकमेकांपासून सुटत नाहीत, एकत्रच पुढच्या पिढीत जातात. आमच्याकडे गोडा मसाला डब्यात तयार असतो, धणे-तीळ-खोबरं-दगडफूल दरवेळी वेगळं मोजावं लागत नाही, तसं. कवच, आकार, वागणं यांचा मसाला एका डब्यात. म्हणून वेग.

लाखो वर्षं लागतात ती सामग्री साठायला. साठलेली असेल तर वापरायला तीस वर्षं पुरतात. माझं वाक्य मला असं दुरुस्त करावं लागेल.

केंद्रातून निघून आम्ही बेटाच्या पश्चिम अंगाला गेलो. करड्या खडकातून काळे पट्टे आरपार गेलेले, सरळ, जणू सुतळी मारून आखलेले. हा दगड शंभर कोटी वर्षांहूनही जुना. त्यावर बर्फाने घासून केलेली तुकतुकीत पाठ. एका छोट्या कोंडीत गोट्यांचा किनारा होता, आणि त्याच्या उजव्या हाताला सरळ समुद्रात उतरलेला कडा. मला जे हवं होतं ते दोन्ही एका नजरेत.

आधी धोंड्यांत वाकले. पहिल्या दगडाच्या बुडाशी, सावलीच्या बाजूला, पाच-सहा जणी होत्या. काबुली चण्याएवढ्या, धुळकट करड्या. एक उचलली. उचलताना ‘टक्’ असा बारीक आवाज झाला आणि ती आत गेली. शिंगाच्या रंगाचं गोल झाकण तोंडाशी येऊन बसलं. भिंगातून पाहिलं तर कवचाच्या ओठापासून थोडं मागे एक वेडीवाकडी रेघ, जखम भरून आल्यासारखी. खेकड्याने कड चिमटीत धरून तोडायचा प्रयत्न केलेला, ही वाचलेली, आणि मग तिने तुटल्या जागेपासून पुढे कवच पुन्हा बांधलेलं. दुसऱ्या एकीवर तशा दोन रेघा होत्या. मुलाला भिंग दिलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, “आजी, तिने घर दुरुस्त केलं.”

मग कड्याकडे. मी पावलं मोजली, चाळीस. कड्याच्या भेगांत, काळ्या पट्ट्यात, लाटेचे तुषार उडत होते तिथे आधी काहीच दिसेना. डोळे सरावल्यावर दिसू लागल्या: मसुरीच्या दाण्याएवढ्या, कुठे फिकट, कुठे काळपट, भेगेत दाटून बसलेल्या. एकीला नखाने हलवलं, हलेना. पिवळट-करड्या पायाची कड कवचाबाहेर दिसत होती, दगडाला टेकलेली. दोन्ही एकाच जातीच्या. मधल्या पट्ट्यात दोघींचा संकर होतो, मधल्या आकाराच्या तिथे सापडतात. आम्हाला सापडल्या; पण मी मोजलेल्या पावलांत कितव्या पावलावर कोणती, असं काही कोष्टक करण्याइतका वेळ नव्हता. मी शिक्षिका आहे, हात मात्र शिवशिवले.

या जातीला शास्त्रज्ञांनी दिलेली नावं ऐकून माणूस थक्क होतो. १७९२ मध्ये जुझेप्पे ओलिवी नावाच्या इटालियन निसर्गअभ्यासकाने व्हेनिसकडच्या नमुन्यावरून तिचं पहिलं नाव ठेवलं. त्यानंतर शंभराहून अधिक वेळा ती कुणा ना कुणाला ‘नवीन’ सापडली, आणि दरवेळी नवं नाव मिळालं. कारण प्रत्येक किनाऱ्यावर ती वेगळी दिसते. त्या लोकांचं मला काही चुकलं वाटत नाही. चाळीस पावलांत माझीच नजर फसली होती.

आणखी एक गोष्ट, जी मी शाळेत असते तर दहावीला सांगितली असती आणि मुख्याध्यापकांनी मला बोलावलं असतं. एका मादीच्या पोटातल्या पिल्लांचे बाप तपासले, तर ते १५ ते २३ निघाले. जी आयुष्यभर काही मीटरांपलीकडे जात नाही, तिच्या एका पोटात आसपासच्या सगळ्या वस्तीचा वाण साठलेला असतो. एखादीच मादी नव्या खडकावर पोचली तरी ती एकटी नसते. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती. २०२४ मध्येच दुसऱ्या एका संशोधनाने दाखवलं की पोटात पिल्लं वाढवण्याची ही रीत या जातीत गेल्या लाखभर वर्षांतली आहे. तिच्या जवळच्या बहिणी अजून अंडीच घालतात.

मी हे सगळं मुलाच्या आईला सांगत असताना मुलगा गप्प होता. गप्प मूल म्हणजे काहीतरी चाललंय, हे तीस वर्षांत शिकलेले. बघते तर त्याने धोंड्यातली एक गोगलगाय मुठीत आणून कड्यावर ठेवली होती. “ती पण बदलेल ना?”

“ती नाही बदलणार,” मी म्हटलं. “तिची नातवंडं-पतवंडं बदलतील. ती स्वतः फक्त पडेल.”

तेवढ्यात एक लाट जरा वर आली, आणि ती मोठी, जाड, भित्री गोगलगाय खरंच घरंगळली. पाय तिने बाहेर काढलाच नव्हता. नशिबाने एका खळग्यात अडकली. मी ती उचलली. राष्ट्रीय उद्यानात काही न्यायचं नाही आणि जे हललं ते जागेवर ठेवायचं, हे मार्गदर्शक मुलीने दोनदा बजावलं होतं. पण नसतं सांगितलं तरी मी ठेवलंच असतं. मुलाचा चेहरा पडला होता. मी त्याला म्हटलं, चल, परत न्यायच्या आधी एक प्रयोग करू.

उजव्या हाताच्या पशात खळग्यातलं पाणी घेतलं. त्यात ही ठेवली आणि भेगेतून अलगद काढलेली एक लाटेची. दोघींच्या झाकणांना गवताच्या काडीने एकदा स्पर्श केला, म्हणजे दोघी आत. मुलाने आईच्या मोबाइलवर घड्याळ लावलं. लाटेची चिमुरडी पस्तीस सेकंदांत बाहेर. आधी झाकण जरा तिरकं झालं, मग पायाची कड, मग दोन स्पर्शिका, त्यांच्या बुडाशी काळे ठिपके म्हणजे डोळे. बाहेर येऊन तिने माझ्या तळव्यावर पकड घेतली. ती पकड मला जाणवली. मसुरीएवढ्या जिवाचा ओढा, ओला, खरखरीत नाही, पण ठाम. लाट फेकून देते तिथे आत लपून बसणं परवडत नाही, लगेच पाय रोवावा लागतो. आम्ही तिला तिच्या भेगेत ठेवलं. भेगेच्या काठाशी टेकवताच ती सरळ झाली आणि आत सरकली.

दुसरी आलीच नाही. एक मिनिट, दोन, तीन. खेकडा अजून बाहेर उभा असेल, असं तिचं अंग तिला सांगत होतं. घाई करणाऱ्या तिच्या पूर्वजा केव्हाच खाल्ल्या गेल्या असणार, ज्या थांबल्या त्यांची ही लेक. मुलगा माझ्या हातावर वाकून बघत होता, श्वास रोखून. चाळीस पावलं आम्ही तशीच चाललो, पाणी सांडू न देता, मी, तो, आणि मागून आमच्या सायकलींच्या किल्ल्या घेऊन त्याची आई. तिच्या धोंड्याशी, सावलीच्या बाजूला, मी तिला ठेवलं आणि गुडघे टेकून बसले.

“बाईनू,” मागून आवाज आला, “परतीची लाँच पाच वाजता. आता निघाक व्हया.”

“जरा थांब,” मी म्हटलं.

सात मिनिटं झाली होती. झाकण अजून बंदच होतं.